शेलाटा

काही वर्षांपूर्वी चंद्रपूर-गडचिरोलीच्या प्रवासावर मी एक लेख लिहिला होता. भामरागडच्या वाटेवरील एका खेड्यात आम्ही अर्धा दिवस थांबलो होतो. तेथील लोकांचे वर्णन करताना मी लिहून गेलो, ‘येथील माणसे काटक, शेलाट्या अंगलटीची आहेत.’ वाक्य माझे मलाच आवडले होते. लेख प्रसिद्ध झाल्यावर महिन्याभरात एक पत्र आले. त्या भागात अनेक वर्षे परिचारिका म्हणून राबलेल्या, मूळच्या केरळच्या एका सिस्टरचे ते पत्र होते. चंद्रपूरच्या बाजूला सीरो-मलबार परंपरेचा चांदा धर्मप्रांत १९६२ पासून उभा राहिला आणि केरळमधील कित्येक धर्मभगिनी मराठीची अक्षरे गिरवीत त्या जंगलात गेल्या, त्यांतल्याच ह्या एक. पत्रात त्यांनी लेखाचे कौतुक केले होते आणि शेवटी एक शंका विचारली होती : ‘सर, मी मराठी मोठेपणी शिकले, म्हणून विचारते. शेलाटा म्हणजे उंच आणि बारीक, की शेलाटा म्हणजे उपाशी?’

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र माझ्याजवळ तयार नव्हते.

आधी शब्दाकडे पाहू. शेलाटा माणूस उंच असतो, परंतु केवळ उंच माणसाला आपण शेलाटा म्हणत नाही. तो बारीक असतो, पण प्रत्येक बारीक माणूसही शेलाटा नसतो. हातपाय लांब, हाडपेर हलके, अंगावर मांस बेताचे आणि ह्या सगळ्याला एक लवचीकपणा, असे चारही एकत्र आले म्हणजे हा शब्द ओठांवर येतो. शेलाटी म्हणजे लांब, बारीक, लवणारी काठी. ती डोळ्यांसमोर असली की शेलाट्या बांध्याचे निराळे स्पष्टीकरण करावे लागत नाही.

ह्या शब्दाचे शेजारी पाहिले म्हणजे त्याचा मान लक्षात येतो. काटकी ही देखील काठीच, पण वाळलेली आणि मोडणारी. तिच्यावरून काटकुळा हा शब्द येतो आणि त्यात कौतुक मुळीच नाही. मौज अशी की, काटक हा शब्द कानाला त्याच कुळातला वाटतो आणि तो मात्र गौरवाचा आहे. हडकुळ्यात हाड उघडे दिसते. लुकड्यात दया आहे. किडकिडीत म्हणताना कीड आठवते. फाटक्या अंगाचा म्हटले की माणूस जणू जुन्या कापडासारखा कोठेतरी विरलेला वाटतो. सडपातळाची गोष्ट त्याहून वेगळी. मराठ्यांच्या पत्रांतून व बखरींतून सडी स्वारी, सडी फौज असे शब्द येतात. बाजारबुणगे, तंबू, सामानसुमान मागे टाकून निघालेले स्वार ते सडे. त्याच सडेपणाचा आवाज मला सडपातळ ह्या शब्दात ऐकू येतो : अंगावर जादा काही नाही, पण कमीही काही नाही.

आम्हां वसईच्या लोकांना उंचीसाठी एकच उपमा सुचते, ताडमाड. ताड आणि माड ही दोन्ही आमच्या दारातली झाडे. मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा झाला, पायजमे घोट्याच्या वर जाऊ लागले की घरातली आजी म्हणे, ‘नुसता ताडमाड वाढलाय, खाल्लेलं अंगी लागत नाही.’ आजीचे निरीक्षण अचूक असे. त्या वयात पायांची हाडे आधी झपाट्याने वाढतात, धड मागून वाढते आणि मांस त्याहून मागून भरते. तेव्हा अंगी लागत नाही हे खरे नव्हते. खाल्लेले सगळे हाडांना लागत होते.

आणखी एक गोष्ट आजीच्या बोलण्यात होती, जी मला तेव्हा कळली नाही. घरातल्या उंच बारीक मुलाला शेलाटा, सडसडीत म्हटले जाई. वाडीत पाणी लावायला येणाऱ्या गड्याचा मुलगा त्याच बांध्याचा असला तरी तो लुकडा. मुलीच्या बाबतीत निवाडा आणखी वेगळा. वधू-वरांच्या जाहिरातींत ‘सडपातळ’ हा शब्द ‘गोरी’ ह्या शब्दाच्या शेजारी वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला आहे. तोच बांधा वराचा असेल तर जाहिरातीत केवळ उंची देतात, बाकी मौन. म्हणजे ह्या शब्दांची निवड शरीराकडे पाहून जेवढी होते, तेवढीच ते शरीर कोणाच्या घरचे आहे हे पाहूनही होते.

लांब हातपायांना मान देण्याची परंपरा तर फार जुनी आहे. गुडघ्यापर्यंत पोहोचणारे हात हे आपल्याकडे थोर पुरुषाचे लक्षण मानले गेले आणि आजानुबाहू हे विशेषण रामापासून इतिहासातल्या वीरांपर्यंत अनेकांना लाभले. युरोपात ग्रीसहून स्पेनला गेलेला चित्रकार एल ग्रेको ह्याने (१५४१–१६१४) तोलेदो शहरात राहून संतांची आणि क्रुसावरील ख्रिस्ताची जी चित्रे काढली, त्यांतली शरीरे ज्योतीसारखी वर ओढली गेलेली आहेत. त्यांच्या लांबट कृशतेत पाहणाऱ्यांना उपवास आणि प्रार्थना दिसली. पुढे १९१३ मध्ये एका स्पॅनिश नेत्रवैद्याने असा तर्क मांडला की, चित्रकाराच्या डोळ्यांतच दोष होता! तो तर्क कलेच्या अभ्यासकांनी फारसा मानला नाही, आणि ते बरेच झाले. पण लांब व कृश शरीर पाहिले की आपण त्यात काहीतरी अर्थ वाचू लागतो, कधी पुण्य, कधी आजार, ही सवय त्यातून उघड होते. भामरागडच्या वाटेवर मी तेच केले होते.

आता त्या मुलखाविषयी. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्याच्या दक्षिणेकडच्या भागात पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती ह्या नद्यांच्या संगमावर भामरागड आहे. ह्या दोन्ही जिल्ह्यांच्या मोठ्या भागात जी मराठी बोलली जाते, तिला झाडीबोली म्हणतात. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी तिचे शब्द गोळा केले, तिच्यासाठी संमेलने भरवली, म्हणून ती आज आपल्याला नावानिशी ठाऊक आहे. त्या बोलीत ळ चा र होतो, ण चा न होतो. डोळा हा डोरा होतो आणि पातळ माणूस पातर होतो. उंच माणसाला सर्रास लंबा म्हणतात, त्यात हिंदीचा शेजार आहे. तेथे माड नाही, त्यामुळे आमची ताडमाडाची जोडी तेथे अर्धी राहते. भामरागड-एटापल्लीच्या डोंगरांत गोरगा नावाचे ताडाच्या जातीचे झाड आहे, त्याचा रस माडिया लोक आवडीने पितात. पण तेथे उंच सडसडीत म्हटले की पहिल्यांदा बांबूच डोळ्यांपुढे उभा राहतो : भरीव, चिवट असा मानवेल आणि काटेरी, जाड पेरांचा कटांग.

परंतु त्या खेड्यातली माणसे झाडीबोलीही घरात बोलत नव्हती. ती माडिया बोलत होती. ती गोंडीच्या परिवारातली, म्हणजे द्रविड कुळातली भाषा. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणात मराठीचा खंड १९०५ मध्ये निघाला, गोंडीला जागा मिळाली ती द्रविड भाषांच्या निराळ्या खंडात. एकमेकांच्या बांध्याविषयी ती माणसे त्यांच्या भाषेत काय म्हणतात, हे मी कोणाला विचारलेच नाही. काटक, शेलाटा ही माझी मराठी होती आणि ती मी त्यांच्या अंगावर घातली होती. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित आदिवासी समूह म्हणून तीन जमातींची नोंद आहे : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. आमच्या वसई-पालघर पट्ट्यातल्या कातकऱ्याविषयी लिहिताना ‘शेलाटा’ हा शब्द माझ्या लेखणीतून सहसा उतरत नाही. तो परिचयाचा आहे. अपरिचिताला सुंदर म्हणणे सोपे जाते.

काटक म्हणण्यामागे मात्र डोळ्यांनी पाहिलेले काहीतरी होते, हे सांगितले पाहिजे. १९४५ मध्ये बल्लारपूरला कागद गिरणीची स्थापना झाली आणि ह्या जंगलांतला बांबू गाड्या भरभरून तिकडे जाऊ लागला. तो तोडणारे हात ह्याच मुलखातले आणि शेजारचे. उन्हाळ्यात तेंदूपानांचा हंगाम येतो. नव्या फुटव्यांवरची पाने गुडघ्याच्या उंचीवर असतात, ती पहाटेपासून कमरेत वाकून खुडायची, दुपारी घरी आणून ७०-७० पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. त्यात घरातली लहान मुलेही असतात. असे काम करणाऱ्या शरीरावर चरबी साचायला सवड नसते. ते पाहून प्रवासी म्हणतो, काय काटक माणसे आहेत! ते खोटे नाही. पण पोट भरलेल्या माणसाने उच्चारलेला तो शब्द आहे.

परक्यांच्या शरीरावर शेरे मारण्याच्या कामात मी काही पहिला नव्हतो. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांतातील जमातींवर जे ग्रंथ निघाले, त्यांत देव, लग्न, मृत्यू ह्यांच्या बरोबरीने शरीरयष्टीचा परिच्छेद ठरलेला असे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले ह्यांनी तर नाकाची रुंदी व लांबी मोजून माणसांचे वंश आणि जातींची श्रेणी ठरवता येते असे मांडले. त्या नाकमोजणीचे आज हसू येते, पण त्या काळी ती विज्ञान म्हणून मिरवली. मोजपट्टी हाती असली तरी काय मोजायचे हे माणूस आधीच ठरवून बसलेला असतो.

ह्याच विज्ञानाच्या दुसऱ्या एका फांदीतून सिस्टरच्या प्रश्नाचे उत्तर मला हळूहळू सापडत गेले. बेल्जियमच्या आदोल्फ केतले ह्यांनी १८३२ च्या सुमारास असे दाखविले की, प्रौढ माणसांचे वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अमेरिकेतील आन्सेल कीज ह्यांनी १९७२ मध्ये ह्या प्रमाणाला आजचे नाव दिले, शरीर वस्तुमान निर्देशांक. किलोतले वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग. उत्तर १८.५ च्या खाली आले तर माणूस कृश. हेच कीज त्याआधी उपासमारीच्या एका प्रयोगामुळे प्रसिद्ध झाले होते. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुण स्वेच्छेने अर्धपोटी राहिले. युद्धात शस्त्र धरणार नाही असे म्हणणारे हे तरुण होते, त्यांतले बरेच शांतिवादी ख्रिस्ती पंथांतले. युद्धाने उपाशी ठेवलेल्या युरोपला पुन्हा जेऊ कसे घालावे, हे कळावे म्हणून त्यांनी २४ आठवडे अपुऱ्या अन्नावर काढले आणि सुमारे चतुर्थांश वजन घालवले. त्यांची छायाचित्रे पाहिली की हडकुळा ह्या शब्दाचा अर्थ कळतो. तरी त्यांची उंची होती तेवढीच राहिली. वाढ पुरी झालेल्या माणसाची भूक मांसावर दिसते, हाडांच्या लांबीवर तिला हात घालता येत नाही.

मग उपजतच लांब हातपायांचे लोक? १८७७ मध्ये अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ जोएल अॅलन ह्यांनी एक नियम मांडला की, उष्ण प्रदेशातील प्राण्यांचे कान, पाय, शेपट्या असे अवयव थंड प्रदेशातील प्राण्यांपेक्षा लांब असतात, कारण त्यातून अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते. माणसांतही त्याचा माग लागतो. दक्षिण सुदानचे डिंका लोक जगातील उंच व लांब पायांच्या लोकांत गणले जातात. ब्रिटिश संशोधक एन. जी. नॉर्गन ह्यांनी १९९४ मध्ये ह्यातून एक सावधगिरीची सूचना दिली. धडाच्या मानाने पाय लांब असतील तर माणूस नीट जेवून-खाऊन असला तरी त्याचा निर्देशांक कमी भरतो. ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या बाबतीत हे ठळकपणे दिसले. म्हणजे १८.५ च्या खालचा प्रत्येक जण भुकेला नसतो. शेलाटा ह्या शब्दाला शास्त्रात जागा आहे, हे वाचून मला बरे वाटले. वाटले, सिस्टरना कळवावे की माझा शब्द चुकला नव्हता.

परंतु पुढचे वाचन इतके सोयीचे नव्हते. पोषणतज्ज्ञ इसाबेला लीच ह्यांनी १९५१ मध्येच असे सुचवले होते की, बालपणीच्या पोषणाची खूण धडापेक्षा पायांच्या लांबीवर अधिक उमटते. पहिल्या काही वर्षांत पाय सर्वांत वेगाने वाढत असतात, त्यामुळे उपासमारीचा घाव त्यांच्यावर पहिला पडतो. जपानी मुलांची मापे तपासून जेम्स टॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखविले की, १९५७ ते १९७७ ह्या वीस वर्षांत जपानी माणूस जो उंच झाला, तो जवळजवळ सगळा पायांमुळे उंच झाला. बसलेल्या माणसाची उंची फारशी बदललीच नाही. ग्वाटेमालातून निर्वासित होऊन अमेरिकेत वाढलेल्या माया मुलांच्या बाबतीतही तेच आढळले. जपानी लोक आखूड पायांचे आणि माया लोक बुटके, हे वंशाचे लक्षण म्हणून ज्यांनी लिहून ठेवले होते, त्यांनी एका अर्थाने भुकेचे वर्णन केले होते.

तेव्हा लांब हातपाय हे उपासमारीचे चिन्ह नाही. ते बऱ्यापैकी पोसलेल्या बालपणाचे चिन्ह आहे. ज्याची भूक जुनी आहे, ज्याला पहिल्या दोन वर्षांतच अन्न कमी पडले, तो मुलगा लुकडासुद्धा दिसत नाही. तो लहान दिसतो. उंचीही कमी, वजनही कमी, दोन्ही एकमेकांना शोभतील इतके. त्याच्याकडे पाहून कोणी हळहळत नाही, कारण तो त्याच्या वयाचा आहे असे कोणाला वाटतच नाही. सरकारी मराठीत ह्याला खुजेपणा म्हणतात आणि उंचीच्या मानाने वजन कमी असण्याला लुकडेपणा. अंगणवाडीच्या नोंदवहीत हे दोन शब्द वेगवेगळ्या रकान्यांत आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के मुले खुजी आढळली आणि २५.६ टक्के लुकडी. हा आकडा सगळ्या राज्याचा आहे, मुंबई-पुण्यासकट.

गडचिरोलीत ही भूक कोणाला दिसली नाही असे मात्र नाही. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून माडियांमध्ये उभा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची तपासणी सुरू केली. त्यात बाळाचे वजन करणे हे एक काम होते. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतील नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकाने तो वृत्तांत छापला. राज्यातील बालमृत्यूंवरचा त्यांचा २००१ चा अहवाल ‘कोवळी पानगळ’ ह्या नावाने गाजला. ह्या सगळ्या कामात विशेषणांना फारशी जागा नव्हती. झोळीचा तराजू होता आणि वही होती.

पुढे चंद्रपूरला जाण्याचा योग आला तेव्हा मी मुद्दाम सिस्टरना भेटलो. माझे लांबलचक उत्तर त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग कपाटातून हिरव्या, पिवळ्या व लाल रंगांची एक कागदी पट्टी काढून टेबलावर ठेवली. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाभोवती ती गुंडाळतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, म्हणजे लाल भागात आला, तर मूल धोक्यात. साडेअकरा सेंटिमीटर म्हणजे किती, हे पाहायला मी ती पट्टी माझ्या जोडलेल्या दोन बोटांभोवती वळवून पाहिली. फारशी सैल झाली नाही.

‘सर, तुमच्या लेखातला तो उंच मुलगा मला ठाऊक आहे,’ सिस्टर म्हणाल्या. ‘झाडावर चढून दाखवणारा. तो आमच्याकडेच जन्मला. आई दवाखान्यात कामाला लागली तेव्हा तो पोटात होता. पहिल्यापासून नीट जेवलाय. म्हणून तर पाय एवढे लांब! त्याला शेलाटा म्हणा, मला चालेल.’

मग त्यांनी विचारले, ‘आणि त्याच्या बहिणीविषयी काय लिहिलंत?’

बहिणीविषयी काही लिहिल्याचे मला आठवेना. सिस्टरनी तो अंक जपून ठेवला होता. त्यांनी पान उघडून बोट ठेवले. आम्हांला तांब्यातून पाणी आणून देणाऱ्या मुलीवर माझे एक वाक्य होते : ‘सात-आठ वर्षांची एक चुणचुणीत पोर लगबगीने पाणी घेऊन आली.’

‘ती मोठी,’ सिस्टर म्हणाल्या. ‘तो बारा वर्षांचा होता तेव्हा. ती चौदाची.’